सरकार 60 म्हणो, तुमचे गुडघे काय म्हणतात?

पत्र

ताई, नमस्कार.

मी यवतमाळच्या केळापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. 1994 ला लागले. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून, म्हणून येत्या 31 मेला रिटायरमेंट. आमच्या ग्रुपवर रोज चर्चा चालते, की सरकार वय 58 चं 60 करणार. सगळ्या खूश आहेत, मलाच काही समजेनासं झालंय. गुडघे गेलेत, शुगर आहे. मिस्टर सूतगिरणीत होते, गिरणी बंद पडली, आता पीएफच्या पेन्शनचे 1,400 रुपये येतात आणि पाच एकर कोरडवाहू आहे. ते म्हणतात, "काढ न अजून दोन वर्स, कायले घाई करतं?" मुलगा 30 वर्षांचा, भरतीची तयारी करतो, नोकरी नाही म्हणून लग्न जुळत नाही. तो परवा जेवताना म्हणाला, "तुम्ही लोक खुर्च्या सोडत नाही, मंग आमचा नंबर कधी लागन?" मी ताटावरून उठले. माझी मोठी जाऊ अंगणवाडीत मदतनीस आहे, 63 वर्षांची. ती म्हणते, तुमचं बरं आहे बाई, तुम्हाला भांडायला तरी काही आहे.

माझं मूळ वेतन 60 हजारांच्या आसपास आहे. वय वाढलं तर थांबू की निघू? आणि मुलाच्या वाट्याची नोकरी मी खाते आहे का?

– एक सिस्टर

उत्तर

सिस्टरबाई, नमस्कार.

आधी एक गोष्ट. हे लिहिते आहे तोवर वय वाढलेलं नाही. राजपत्रित अधिकाऱ्यांचा महासंघ ही मागणी कित्येक वर्षं लावून धरतो आहे. दर अधिवेशनाच्या सुमारास "जीआर निघाला" म्हणून एखादा कागद मोबाईलवर फिरतो आणि चार दिवसांनी विरून जातो. राज्यात क गटाचं वय 58 आणि ड गटाचं 60, हेच आजचं खरं. तुमच्या सेवापुस्तकात 31 मे आहे, तर तयारी 31 मेचीच करा. ग्रुपवरच्या आनंदावर घराचं बजेट बसवू नका.

मागणी मात्र वेडगळ नाही. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचं वय 1998 मध्येच 58 वरून 60 केलं. आणि आपला विदर्भ ज्या तीन राज्यांना टेकलेला आहे, ती तिन्ही पुढे गेली. तुमच्या पाटणबोरीहून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, तिथे तेलंगणाने 2021 मध्ये वय 61 केलं. वरूडच्या वर मध्य प्रदेश, तिथे 2018 पासून 62. गोंदिया-गडचिरोलीच्या पलीकडे छत्तीसगड, तिथेही 62. नदीच्या एका काठावरची नर्स 58 ला घरी आणि दुसऱ्या काठावरची 61 ला, हे कुणालाही खटकणारच. आपल्याकडेही सरकारी डॉक्टरांचं वय मागेच 58 च्या पुढे नेलं, कारण नवे डॉक्टर खेड्यात यायला तयार नव्हते. तेव्हा आज ना उद्या हा निर्णय होऊही शकतो, असं धरून पुढचं वाचा.

आता पैशाचं. तुम्ही 1994 च्या, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीच्या, म्हणजे जुन्या पेन्शनच्या. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई भत्ता. 60 हजार मूळ असेल तर 30 हजार आणि वर भत्ता. दोन वर्षं जास्त केलीत तर तीन-तीन टक्क्यांच्या दोन वेतनवाढी लागतील, मूळ वेतन 63 हजार सहाशेच्या पुढे जाईल आणि पेन्शन 31 हजार आठशेच्या घरात. म्हणजे कायमची वाढ दरमहा सुमारे 1,800 रुपये आणि त्यावरचा भत्ता. उपदान, म्हणजे तुम्ही ज्याला ग्रॅच्युइटी म्हणता ते, सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांमागे वेतनाच्या पाव हिश्शाने मोजतात आणि साडेसोळा पटीला थांबवतात. तुम्ही आत्ताच साडेपंधरा-सोळा पटीपर्यंत पोहोचला आहात. तिथेही वाढीला फार जागा उरलेली नाही.

यात एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती तुमच्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही. निम्मा पगार तुम्हाला घरी बसूनही मिळणार आहे. म्हणजे 58 नंतरची दोन वर्षं तुम्ही काम केलंत, तर ते काम उरलेल्या निम्म्या पगारासाठी असेल. रात्री दोनला बाळंतपणाच्या बाईला घेऊन रुग्णवाहिकेत बसायचं, ते अर्ध्या पगारावर. त्यातून पेट्रोल, औषधं आणि दुखणं वजा करा. तरीही ती रक्कम लहान नाही, हे मान्य. पण तुमचे मिस्टर "काढ न अजून दोन वर्स" म्हणताना पूर्ण दोन वर्षांचा पगार धरत असतील, तर तो हिशेब दुपटीने चुकलेला आहे.

त्यांच्यावर रागावू नका मात्र. त्यांच्या डोळ्यांसमोर पेन्शन म्हणजे 1,400 रुपये. पीएफची पेन्शन, म्हणजे कामगारांची ईपीएस-95 योजना; तीत पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं, असा हिशेब असतो. गिरणीतला पगार 6,500 आणि वर्षं 15 धरली, तर उत्तर 1,393 येतं. त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 रुपये ठरवली आणि तिथेच ठेवली. बुलडाण्यात या पेन्शनरांनी 2018 पासून साखळी उपोषण मांडलं, ते उगीच नाही. ज्या माणसाने गिरणीचं कुलूप पाहिलं आणि हाती चौदाशे रुपये आले, त्याला "बायको पेन्शनीत जाणार" या वाक्याची भीतीच वाटणार. एक दिवस कागद-पेन घेऊन बसा आणि तुमच्या पेन्शनचा आकडा भत्त्यासकट त्यांना लिहून दाखवा. माझा अंदाज आहे, हा आकडा त्यांनी कधी नीट पाहिलेलाच नाही.

आता गुडघे. वय वाढवण्याची मागणी कुणाकडून येते ते पाहा. मंत्रालयातल्या खुर्चीवर साठी गाठणं आणि उपकेंद्रावर साठी गाठणं यात फरक आहे, आणि एका आकड्याने दोघांना मोजणारा निर्णय मला पटत नाही. तुम्ही लिहिलंत की दाखल्यावरची तारीख 1 जून आहे. आपल्या पिढीत अर्धा वर्गच 1 जूनचा असायचा. गुरुजी नाव घालताना तीच लिहून टाकायचे. कागदावर 57 असलेली बाई खरी 58 ची असेल, 59 ची असेल. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, पण हे तीन हजार लोक एका गावात थोडेच राहतात? कोलामांचे पोड, तांडे, नाल्यापलीकडची वस्ती. लसीकरणाचा डबा, गृहभेटी, पावसाळ्यात फवारणीवाल्यांच्या मागे फिरणं, मे महिन्याच्या 45 अंशात सर्व्हे, आणि रात्री घरी येऊन तेच सगळं मोबाईलवर भरायचं, नेट असेल तर. यातलं बसून होणारं काम किती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून वय वाढलं तरी तुमचा निर्णय सरकारवर सोपवू नका, डॉक्टरकडे जाऊन घ्या. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजमध्ये नाहीतर सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढा, शुगरची गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घ्या आणि सरळ विचारा, "रोज एवढं चालून, गाडी चालवून दोन वर्षं निघतील का?" तुम्ही गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला तपासणीला ढकलत नेलंत, स्वतः शेवटच्या कधी गेलात? डॉक्टर म्हणाले की काम जपून चालेल, तर तालुक्याच्या ठिकाणी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातच बसून करायचं काम मिळावं म्हणून लेखी अर्ज द्या, तपासणीचे कागद जोडून. तोंडी विनंतीची आवक नोंदवहीत नोंद होत नसते.

आणि थांबायचं नसेल तर? वय 60 झालं म्हणून तुम्हाला 60 पर्यंत बांधून ठेवता येत नाही. महाराष्ट्राच्या 1982 च्या पेन्शन नियमांतला नियम 66 पाहा. अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, 20 वर्षं झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येतं, आणि 58 ला निघालात म्हणून पेन्शन कापली जात नाही. फक्त नोटिशीचे तीन महिने लक्षात ठेवा. समजा एप्रिलमध्ये आदेश आला आणि त्यानंतर तुम्ही नोटीस दिलीत, तर जुलैपर्यंत डबा उचलावा लागेल. म्हणून तब्येतीचा निकाल आधी हातात असू द्या.

तुमच्याच केंद्रातली, 2005 नंतर लागलेली एखादी सिस्टर याच प्रश्नावर उलट उत्तर देईल आणि तेही बरोबर असेल. तिची सेवा कमी, तिचं पेन्शनचं गणित वेगळं, तिला प्रत्येक जास्तीचं वर्ष लागतं. ग्रुपवर तिच्याशी वाद घालू नका.

मुलाकडे येऊ. तुम्ही ताटावरून उठलात ते वाचून वाईट वाटलं. तो बोलला ते धोरण म्हणून खोटं नाही, आईला बोलला ते चूक. 58 चं 60 केलं तर ढोबळ मानाने दोन वर्षं कुणी निवृत्तच होत नाही, जागा रिकाम्या होत नाहीत, बढत्या अडतात, भरती पुढे सरकते. सरकारलाही हे सोयीचं असतं, उपदानाचे, रजेच्या रोखीकरणाचे मोठे धनादेश दोन वर्षं लांबतात. केरळमध्ये 2022 साली सार्वजनिक कंपन्यांचं वय 60 करण्याचा आदेश निघाला, तर तिथल्या युवक संघटना रस्त्यावर आल्या आणि आदेश थांबवावा लागला. तुमच्या मुलाच्या रागाला असा बाप-आजा आहे.

पण तुमची खुर्ची आणि त्याची नोकरी यांच्यात सरळ दोरी नाही. खुर्ची रिकामी झाली म्हणजे ती भरली जाते, असं आपल्या जिल्हा परिषदांमध्ये कधी होतं? 2019 मध्ये जिल्हा परिषद भरतीची जाहिरात आली, पोरांनी फॉर्म भरले, शुल्क भरलं आणि अखेर ती भरतीच रद्द झाली. पुन्हा जाहिरात आली ती 2023 मध्ये, 19,460 पदांची. मधल्या चार वर्षांत किती सिस्टर, किती ग्रामसेवक निवृत्त झाले असतील! त्या जागा त्यांनी अडवल्या होत्या का? 31 मेला तुम्ही निघालात तरी ते पद महिनोन्‌महिने "रिक्त" लिहिलेलं राहील आणि तुमचा भार शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरवर पडेल. शिवाय तुमचं पद महिलेचं. तेव्हा त्याच्या वाट्याचं तुम्ही काही खात नाही. हे त्याला सांगा, पण पुढच्या जेवणाच्या वेळी नको. शेतात सोबत जाल तेव्हा सांगा.

खुल्या प्रवर्गात 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही भरतीची वयोमर्यादा आहे, म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे. हीच अडचणही आहे. आठ वर्षं अभ्यासिकेत बसता येतं आणि बरेच जण बसतात. किती जाहिराती पाहायच्या ते त्याच्याकडूनच ठरवून घ्या, आणि तोवर पांढरकवड्याला लॅबमध्ये, मेडिकलमध्ये, बाजार समितीत, जिथे मिळेल तिथे अर्धा दिवस काम करू द्या. पोरगा कमावता आहे हे मुलीकडच्यांना कळलं तर त्याच्या लग्नाचा प्रश्नही थोडा सैल होईल. (सरकारी नोकरीच हवी म्हणून अडून बसलेले मुलीकडचे लोक हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, आणि मला त्यांच्याबद्दल बरंच बोलायचं आहे.)

इथे एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. तुमच्या निवृत्तीची तारीख जसजशी जवळ येईल, तसतसा कुणीतरी घरी येऊन बसेल. "बारा लाखांत सेटिंग होते, आपला माणूस आहे वर." त्याला तुमच्या उपदानाचा आकडा तुमच्याआधी माहीत असतो. 2021 मध्ये तुमच्याच आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, लोक आत गेले आणि परीक्षा रद्द झाली. पैसे देणाऱ्यांच्या हाती नोकरीही आली नाही आणि पैसेही नाहीत. चहा पाजा आणि वाटेला लावा.

त्याच भरात पेन्शन विकू नका. पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करता येतं. 30 हजारांतले 12 हजार विकले तर एकरकमी बारा लाखांच्या आसपास येतात. पण मग दरमहा 12 हजार कापले जातात, 15 वर्षं. बेरीज केली तर 21 लाख 60 हजार. घरावर स्लॅब नाही, सावकाराचं देणं आहे, अशी खरी नड असेल तर तेवढ्यापुरतं करा, महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो. मुलाच्या "धंद्याला" म्हणून करू नका. तो धंदा कोणता, हे तो आधी स्वतःच्या कमाईतून सहा महिने चालवून दाखवू दे.

वय वाढो न वाढो, कागद आत्ताच काढा. पंचायत समितीत जाऊन सेवापुस्तक पानापानाने बघा. प्रत्येक वर्षाची सेवा पडताळणी झाली आहे का, बदलीच्या वेळच्या नोंदी आहेत का, वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का, वारसाचं नाव अजून लग्नाआधीचंच तर नाही ना. बायकांच्या सेवापुस्तकात ही शेवटची भानगड फार वेळा निघते. आणि निवृत्तीच्या तोंडावर एक नेहमीचा प्रकार होतो. "तुम्हाला 2009 पासून वेतननिश्चिती जास्त झाली, एवढे लाख भरा" म्हणून पत्र हातात पडतं. घाबरून सही करू नका. 2014 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या रफिक मसीह प्रकरणात सांगितलं आहे, की चूक कार्यालयाची असेल तर क आणि ड गटाच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही. तुम्ही दोन्हींत बसता. या निकालाचा उल्लेख करून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पेन्शन केस लांबली तर तात्पुरती पेन्शन मागा. उपदान तीन महिन्यांच्या पुढे रखडलं तर व्याज मागता येतं. मागितल्याशिवाय कुणी देणार नाही, हे सांगायला नको.

तुम्ही मला विचारलं नाहीत, पण तुमच्या जाऊबाईंचं वाक्य डोक्यातून जात नाही. गावात 58 की 60 हा वाद किती घरांचा? सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याला, पाडव्याला नवं साल ठरतं, त्याच्या निवृत्तीचं वय कुठल्या नियमात नाही. सरकारची श्रावणबाळ योजना 65 व्या वर्षी सुरू होते, महिन्याला 1,500 रुपये, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. अंगणवाडीच्या बायकांना काम 65 पर्यंत करता येतं. वय तर तुमच्यापेक्षा सात वर्षं जास्त मिळालं, पण वय मिळालं आणि मागे पेन्शन नाही, तर ते वय कशाला म्हणायचं?

त्यांच्यासाठी एक काम मात्र करता येण्यासारखं आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात निकाल दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा कायदा लागू होतो. त्या हिशेबात सेवेच्या दर वर्षाला 15 दिवसांचं मानधन, महिना 26 दिवसांचा धरून. मानधन 7,500 आणि सेवा 25 वर्षं धरली, तर एक लाख आठ हजारांच्या आसपास रक्कम होते. ती आपोआप हातात पडेल असं समजू नका, त्यासाठी संघटनेला धरून पाठपुरावा लागेल. पहिली अडचण साधी असते. रुजू झाल्याचा कागदच जवळ नसतो. त्यांचा नेमणुकीचा आदेश, पहिल्या मानधनाची बँक पासबुकातली नोंद, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, जे सापडेल ते आत्ता गोळा करा. नाहीच सापडलं, तर बालविकास प्रकल्प कार्यालयातून सेवेचा दाखला लेखी मागा, अजून दोन वर्षं आहेत तोवर. तुम्ही सेवापुस्तक बघायला पंचायत समितीत जाल त्याच दिवशी त्यांना गाडीवर मागे बसवून न्या. अर्ज तुम्ही लिहा, तुमचं अक्षर तीस वर्षं रजिस्टर भरून वळणदार झालेलं असेल.